गॅलरीतून खाली गेलेली चिठ्ठी

पेपरात आपण वाचतो, ‘आरोग्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले की...’, आणि आपल्याला वाटतं की मंत्र्यांनी सांगितलं. मंत्र्यांनी ते वाचलेलं असतं. लिहिलेलं असतं कुठल्यातरी गावच्या कचेरीत, डबा अर्धवट टाकून, माझ्यासारख्या एखाद्या बाईने. दोन हजारच्या दशकातली सात-आठ वर्षं मी भाईंदरच्या एका सरकारी आरोग्य कचेरीत त्या टेबलावर बसले. कचेरीचं नाव लिहीत नाही, कारण त्यातली बरीच माणसं आजही मला लग्नाच्या पत्रिका पाठवतात.

काम कसं चालायचं ते आधी सांगते. अधिवेशन लागलं की मंत्रालयातून फॅक्स यायचा. वर ‘अति तात्काळ’ असा शिक्का आणि खाली आमदारांचा प्रश्न. हे प्रश्न सगळे एकाच साच्यातले. पहिल्या भागात ‘अमुक घडले, हे खरे आहे काय?’ दुसऱ्यात ‘असल्यास, चौकशी केली काय?’ तिसऱ्यात ‘त्यानुसार कोणती कार्यवाही केली?’ आणि चौथ्यात ‘नसल्यास, विलंबाची कारणे काय?’ उत्तर त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत हवं असायचं. सकाळी अकराला फॅक्स आला तरी संध्याकाळपर्यंत आणि दुपारी साडेतीनला आला तरी संध्याकाळपर्यंतच.

या साच्यात एक गंमत आहे. पहिल्या भागाला ‘हे खरे नाही’ असं लिहिलं की खालच्या तिन्ही भागांना एकच ओळ पुरते, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ टेबलावर नवीन आलेल्या माणसाला जुने लोक हेच पहिल्यांदा शिकवायचे. आणि दुसरं शिकवायचे ते असं, की मागच्या अधिवेशनाची फाइल काढा, उत्तर उतरवा, तारखा बदला. मीही तसंच शिकले. एकदा अशाच उतरवलेल्या उत्तरात एक डॉक्टर ‘पूर्णवेळ कार्यरत आहेत’ असं मंत्र्यांनी सभागृहाला सांगितलं. ते डॉक्टर सहा महिन्यांपूर्वी निवृत्त होऊन नाशिकला राहायला गेले होते. पेपर वाचून त्यांनी मला फोन केला. ‘राणेबाई, सोमवारपासून येऊ का ड्यूटीवर?’ आम्ही दोघं पोटभर हसलो, आणि पुढच्या फॅक्सला मी पुन्हा जुनी फाइल काढली.

पण एका प्रश्नाने माझं हसू कायमचं उतरवलं.

मे महिन्याची अखेर होती. पावसाळी अधिवेशन त्या वर्षी लवकर लागलं होतं. सोमवारी दुपारी फॅक्स आला. आमच्या अखत्यारीतल्या खाडीकडच्या एका गावात छोटं आरोग्य केंद्र होतं. त्या केंद्रातला लसींचा फ्रीज चार दिवस बंद होता आणि त्यातल्या लसी नंतर बालकांना टोचण्यात आल्या, हे खरे आहे काय? असल्यास, त्या बालकांना पुन्हा लस देण्याबाबत कोणती कार्यवाही केली?

लस थंड राहिली तरच लस, नाहीतर नुसतं पाणी. म्हणून फ्रीजच्या दारावर एक तक्ता लावलेला असतो. रोज सकाळ-संध्याकाळ आतलं तापमान बघून त्यावर लिहायचं. दोन ते आठ अंशांच्या मध्ये असलं की ठीक. मी केंद्रावर फोन केला आणि तिथल्या म्हात्रे सिस्टरना तक्ता फॅक्स करायला सांगितला. अर्ध्या तासात आला. महिनाभर, दोन्ही वेळा, चार अंश. प्रश्नात दिलेल्या त्या चार दिवसांतही चार अंश. माझा जीव भांड्यात पडला. मी लिहिलं, ‘हे खरे नाही. तापमान नोंदतक्त्यानुसार फ्रीज सुरळीत सुरू होता.’ खाली, ‘प्रश्न उद्भवत नाही.’ साहेबांची सही घेतली, फॅक्स केला आणि सहाच्या आत जेसल पार्कला घरी पोचले. तेव्हा त्याचा आनंदच झाला होता.

बुधवारी सकाळी म्हात्रे सिस्टर माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या तिथल्याच, मिठागरं असलेल्या जुन्या घरातल्या. वीस वर्षांची नोकरी, आवाज मोठा आणि चालणं त्याहून जोरात. त्या दिवशी मात्र त्या अगदी हळू बोलत होत्या.

‘बाई, फ्रीज बंद होता,’ त्या म्हणाल्या. ‘खरं हाय ते.’

मी म्हटलं, ‘अहो, तक्त्यावर चार आहे.’

‘चार मीच भरलेत. चार दिवस मला पोलिओच्या बूथवर टाकलेलं, इकडे नवघरला. परत आले तेव्हा फ्रीज चालू होता. तक्त्याचे रकाने मोकळे होते, म्हणून भरून टाकले. सगळेच भरतात ओ बाई. सोमवारी तुम्ही तक्ता मागवलात तेव्हा माझ्या मनात शंका आली. काल वायरमनला गाठला. तो म्हणाला, मीटरमधला फ्यूज गेला होता, चौथ्या दिवशी मी बसवला.’

‘आणि त्यातली लस?’

‘गोवराची. एकतीस बाळांना दिली मी. माझ्या हातानं.’

त्यांनी पर्समधून वहीचा एक कागद काढला. त्यावर एकतीस नावं होती, आईचं नाव, बाळाचं नाव, पत्ता. खाली एक ओळ लिहून सही केली होती, की फ्रीज बंद होता आणि तक्ता मी नंतर भरला आहे. ‘मला पुन्हा टोचायची परवानगी द्या,’ त्या म्हणाल्या. ‘बाकी माझं काय व्हायचं ते होऊ दे.’

ती लस खराब झालीच होती असं नाही. पण खराब झाली नव्हती असं या जगात कुणीच सांगू शकत नव्हतं. मे महिना, पत्र्याचं छप्पर, चार दिवस. आणि गोवर म्हणजे नुसते अंगावरचे पुरळ नव्हेत. अशक्त बाळाला तो छातीत उतरतो आणि मग धावपळ करायलाही वेळ मिळत नाही. एकतीस आयांना वाटत होतं की आपलं बाळ सुरक्षित आहे.

आम्ही दोघी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेब म्हणजे आमचे आरोग्य अधिकारी, डॉक्टर सबनीस. माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला आठ महिने उरले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

‘उत्तर गेलंय, राणेबाई. छापायलाही गेलं असेल. शुक्रवारी प्रश्न आहे. आता दुरुस्ती पाठवायची म्हणजे सोमवारी आपण खोटं लिहिलं असं कबूल करायचं. सभागृहाला खोटी माहिती दिली म्हणून हक्कभंग येतो, माहितीय ना? मला, तुम्हाला, सगळ्यांना.’

‘मग दुरुस्ती नको,’ म्हात्रे सिस्टर म्हणाल्या. ‘गुपचूप टोचते मी. आयांना सांगते, डबल डोस हाय.’

‘गुपचूप? एकतीस घरं? आमदाराला त्या वायरमननेच सांगितलं असणार, तो हे नाही सांगणार? आपण उत्तरात म्हटलंय, हे खरं नाही. खरं नाही तर पुन्हा टोचताय कशाला, असं विचारलं की संपलं.’

तेव्हा मला माझ्याच उत्तराचा अर्थ कळला. मी लिहिलेल्या एका ओळीने त्या एकतीस बाळांना पुन्हा लस मिळण्याची वाटच बंद करून टाकली होती. जोवर ते उत्तर उभं होतं तोवर त्यांना हात लावण्याची कुणाची हिंमत नव्हती.

‘शुक्रवार जाऊ दे,’ साहेब म्हणाले. ‘आपला नंबर तिसरा आहे. पहिल्या दोन प्रश्नांतच तास संपतो कधी कधी. मग बघू.’ म्हात्रे सिस्टर बाहेर गेल्या. कागद मात्र माझ्या टेबलावर ठेवून गेल्या.

शुक्रवारी सकाळी मी आणि साहेब विधानभवनात होतो. माझ्या एका हातात फाइल आणि पर्समध्ये तो कागद. प्रश्नोत्तराच्या तासाआधी मंत्र्यांच्या दालनात सगळ्यांना उभं करतात. एकेका प्रश्नावर मंत्री विचारतात, अधिकारी सांगतात. आमच्या वाट्याला दोन मिनिटं आली. मंत्री चहा पीत होते.

‘फ्रीज बंद होता का?’

‘नाही सर,’ साहेब म्हणाले. ‘तक्ता जोडलाय.’

मंत्र्यांनी पान उलटलं. मला वाटलं, आता माझ्याकडे बघतील. मी घसा साफही केला होता. त्यांनी पुढचा प्रश्न घेतला आणि दाराजवळच्या माणसाने आम्हाला बाहेर काढलं. लिफ्टमध्ये साहेब म्हणाले, ‘झालं, आता फक्त नंबर लागायला नको.’ मी बोलले नाही याची मला आजही लाज वाटते. बोलायला दोन मिनिटं होती.

सभागृहात अधिकाऱ्यांसाठी एक गॅलरी असते. मंत्री खाली बोलत असतात आणि आमच्यासारखे वर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत असतात. आमदारांनी उपप्रश्न विचारला आणि मंत्र्यांकडे उत्तर नसलं की ते मान वर करतात. मग गॅलरीतून चिठ्ठी लिहून द्यायची. शिपाई ती खाली पोचवतो. चिठ्ठी लिहायला मिळतं ते तेवढंच, आमदाराचं वाक्य संपेपर्यंत. म्हणून अक्षर चांगलं असलेला माणूस सोबत न्यायचा. मला त्यासाठीच नेलं होतं.

पहिला प्रश्न पाच मिनिटांत संपला. दुसरा पुढे ढकलला गेला, कारण विचारणारे सदस्यच हजर नव्हते. साहेबांनी कपाळाला हात लावला. तिसरा प्रश्न पुकारला गेला. मंत्री उठले आणि म्हणाले, छापील उत्तर सभागृहासमोर आहे.

प्रश्न विचारणारे सदस्य विरोधी बाकावरचे. ते हळूहळू उभे राहिले. त्यांच्या हातातही तो तक्ता होता.

‘अध्यक्ष महोदय, मंत्री महोदय म्हणतात, फ्रीज चालू होता. तक्त्यावर रोज सकाळ-संध्याकाळ चार अंश. रविवारीही सकाळ-संध्याकाळ चार अंश. रविवारी हे केंद्र बंद असतं. मग रविवारी तापमान कुणी बघितलं?’

सभागृहात हशा पिकला. तक्ता सोमवारी मी तीन वेळा बघितला होता. रविवार माझ्या नजरेत आलाच नव्हता, कारण मी तक्ता वाचतच नव्हते, उत्तर शोधत होते.

मंत्र्यांनी मान वर केली.

साहेब माझ्या कानाशी कुजबुजले, ‘लिहा. रविवारी शिपायाला विशेष ड्यूटी दिली होती. लिहा पटकन.’

मी पेन उघडलं. खाली दुसरा सदस्य उभा राहिला होता, अध्यक्ष त्याला बसायला सांगत होते. मी लिहिलं, ‘फ्रीज चार दिवस बंद होता. तक्ता नंतर भरलेला आहे. ३१ बालकांना पुन्हा लस देणे आवश्यक.’ सिस्टरचा कागद पर्समधून काढून त्याला टाचणी लावली आणि शिपायाच्या हातात दिली. साहेबांना वाटलं, त्यांनी सांगितलेलंच लिहिलंय. शिपाई जिना उतरला तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. ते खुर्चीत मागे टेकले.

चिठ्ठी पोचायला एक मिनिटही लागलं नसेल. मंत्र्यांनी ती वाचली. खालचा कागदही वाचला. पाण्याचा ग्लास उचलला, प्यायले नाहीत, तसाच ठेवला. सभागृहात गोंधळ सुरू होता. मी मनात म्हणत होते, फाडून टाकू नका, एवढंच करा.

‘अध्यक्ष महोदय,’ ते म्हणाले, ‘छापील उत्तर मी मागे घेतो. फ्रीज बंद होता. या एकतीस बालकांना आठ दिवसांत पुन्हा लस देण्यात येईल. आणि ज्या परिचारिकेने हा तक्ता खोटा भरला तिला आजच निलंबित करण्यात येईल.’

बाकं वाजली. दोन्ही बाजूंची वाजली.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते आनंदाचं की कशाचं ते मला तिथे कळलं नाही. नंतर कळलं. सभागृहाला काहीतरी हवं असतं, आणि मंत्र्यांच्या हातात त्या क्षणी एकच नाव होतं. ते मीच दिलं होतं. तिन्ही ओळींत मी फ्रीजबद्दल लिहिलं, तक्त्याबद्दल लिहिलं. ‘उत्तर खातरजमा न करता मी लिहिले’ एवढी चौथी ओळ लिहायला मला वेळ नव्हता असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. वेळ होता. त्या बाईने आपल्या सहीचा कागद दिला होता एकतीस बाळांसाठी, आणि मी तो टाचणी लावून पाठवला. माझी सही कशावरच नव्हती.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. निलंबनाचा आदेश माझ्याआधी पोचला होता. त्या ओट्यावर बोंबील निवडत बसल्या होत्या.

‘सिस्टर, माझ्यामुळे...’ मी सुरू केलं.

‘परवानगी मिळाली ना?’ त्यांनी विचारलं. ‘मग यादी काढा. आठ दिवस म्हणजे काय जास्त न्हाय.’

आठ दिवसांचं काम त्यांच्या जागी आलेल्या नवीन नर्सकडे सोपवलं होतं. तिला गावातली एक गल्ली माहीत नव्हती. निलंबित माणसाने सुईला हात लावायचा नाही, रजिस्टरला हात लावायचा नाही. पण रस्त्याने चालायला बंदी नव्हती. म्हात्रे सिस्टर पुढे, नवीन नर्स बर्फाचा डबा खांद्याला लावून मधे आणि मी रजा टाकून मागे. पहिल्या दोन दिवसांत एकोणीस बाळं झाली. प्रत्येक दारात सिस्टर एकच सांगायच्या, ‘आधीची लस खराब असेल. चूक माझी हाय. बाळाला आण.’ कुणी शिव्या दिल्या, कुणी दार लावून घेतलं. एका सासूने तोंडावर सांगितलं की तुझी नोकरी गेली ते बरंच झालं. सिस्टर तिथे उभ्या राहिल्या, सासूचं संपेपर्यंत, आणि मग पुन्हा म्हणाल्या, ‘बाळाला आण.’ मोरव्याला माहेरी गेलेल्या दोघींकडे रिक्षा करून गेलो. सहाव्या दिवशी तीस झाली.

एकतिसावं राहिलं. यादीत आईचं नाव होतं सुनीता, बाळाचं नाव नव्हतं, ‘मुलगी’ एवढंच. पत्ता, खाडीजवळ बांधकाम चालू असलेली एक बिल्डिंग. ती बिल्डिंग आता उभी राहिली होती आणि मजूर निघून गेले होते. वॉचमनने कानावर हात ठेवले. सातवा दिवस मुकादम शोधण्यात गेला. तो मुंबईला, त्याचा फोन बंद. त्याच्या भावाने सांगितलं, काही माणसं नवघरच्या साइटवर गेली, काही मिरा रोडला, काही गावी. नवघरच्या साइटवर सुनीता नावाच्या दोघी निघाल्या, दोघींना मुलगे. मी रात्री घरी येऊन पाय भिजवत बसले तेव्हा मनात आलं, तीस पुष्कळ झाले. हे मनात आलं ते लिहून ठेवते.

आठव्या दिवशी दुपारी मिरा रोडच्या एका साइटवर, विटांच्या आडोशाला साडीची झोळी बांधलेली दिसली. झोळीत दहा महिन्यांची मुलगी. शेजारी आई विटा भिजवत होती. सिस्टरनी तिला लांबूनच ओळखलं.

तिने मात्र बाळाला उचलून छातीशी धरलं. ‘सुई लग गई इसको. आपने ही लगाई थी.’

‘हाँ, मैंने लगाई थी,’ सिस्टर म्हणाल्या. ‘वो दवा खराब हो गई थी। गलती मेरी है। फिर से लगाना पड़ेगा।’

सुनीताने आमच्या तिघींकडे आळीपाळीने बघितलं. सरकारी माणसाने आपल्यासमोर उभं राहून चूक कबूल केल्याचं तिने बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं. ती खाली बसली आणि मुलगी सिस्टरच्या मांडीवर दिली. सिस्टरनी दंड धरला, नवीन नर्सने सुई टोचली. मुलीने असा काही टाहो फोडला की वरच्या मजल्यावरचे गवंडी वाकून बघायला लागले. माझ्या अंगातून आठ दिवसांचा ताण एकदम उतरला आणि मी तिथेच विटांवर बसले.

पुढचं थोडक्यात सांगते. म्हात्रे सिस्टरना सात महिन्यांनी कामावर घेतलं. मला नोटीस आली, मग जन्म-मृत्यूच्या खिडकीवर बदली, तिथूनच निवृत्त झाले. साहेब ठरल्या दिवशी निवृत्त झाले आणि निरोप समारंभात माझ्याशी चांगलं बोलले. पण ही सगळी आमची गोष्ट झाली.

त्या दुपारी सुनीताने मुलीला पदराखाली घेतलं आणि मला विचारलं, ‘आप भी डॉक्टरनी हो?’

मी म्हटलं, नाही. मग तिला समजेल अशा हिंदीत सांगायचा प्रयत्न केला, की विधानसभेत फ्रीजबद्दल प्रश्न विचारला गेला, त्याचं उत्तर मी लिहिलं होतं, ते चुकलं, मंत्र्यांनी हुकूम दिला, म्हणून आम्ही तिला आठ दिवस शोधत होतो. तिने लक्ष देऊन ऐकलं. मुलगी पिता पिता झोपी गेली होती.

‘पर हमने तो किसी से कुछ पूछा नहीं था,’ ती म्हणाली. आणि मुलीला झोळीत ठेवून विटा भिजवायला उठली.